पाय अडवायचे नाहीत

"पट्टे आवळ," आबा म्हणाले.

आंबा गाव मागे टाकून आम्ही घाटाच्या तोंडाशी थांबलो होतो. दगडी कठड्याला सायकल टेकवून मी पॅडलवरचे चामडी पट्टे पावलांवर आवळले, आधी उजवा, मग डावा. तोंड आबांना दिसू नये म्हणून मी गरजेपेक्षा जास्तच वेळ वाकून राहिले.

"भ्या वाटतंय?"

"नाही."

"वाटलं तरी चालंल. पाय तेवढे अडवू नकोस. चाक फिरंल तसं फिरू दे. लईच पळायला लागली तर हातानं ब्रेक लाव. पायानं रोखायचं न्हाई."

"किती वेळा सांगाल, आबा?"

"तू ऐकंपर्यंत."

कठड्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं. जानेवारीचे दिवस, दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. खाली कुठंतरी एक ट्रक कण्हत चढत होता. त्याचा आवाज येत होता, पण तो दिसत नव्हता. इथून घाटाखालच्या साखरप्यापर्यंत सगळा उतारच होता आणि माझे दोन्ही पाय सायकलला बांधलेले होते.

ती सायकल फिक्सची होती. ज्यांनी फक्त साधी सायकल चालवली आहे त्यांना सांगायला हवं. साध्या सायकलवर उतार लागला की आपण पाय थांबवतो, वारा खात बसतो आणि सायकल आपली आपण पळते. फिक्सवर ती चैन नाही. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार आणि पॅडल फिरतंय तोवर पाय फिरणार. उतारावर चाक जोरात पळायला लागलं की ते तुमचे पायही ओढत नेतं. वेग कमी करायचा तर पुढच्या चाकाचा एकुलता एक ब्रेक लावायचा, नाहीतर फिरत्या पॅडलवर मागे जोर देऊन चाकाला रोखायचं. या दुसऱ्या प्रकाराला आमच्यात 'पाय अडवणं' म्हणत. वेलोड्रोमवरच्या, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकली अशाच असतात, त्यांना तर ब्रेकही नसतो.

माझे आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव इंगवले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं लेथ मशीनचं छोटं शेड होतं. तरुणपणी गावोगावच्या जत्रांतल्या सायकल शर्यती त्यांनी गाजवल्या होत्या आणि मुलगा नाही म्हणून हळहळण्याऐवजी त्यांनी मला सायकलवर बसवलं. मी बरी पळायचे. पण आदल्या वर्षी जोतिबाच्या डोंगरावरून गिअरच्या सायकलवर उतरताना एका वळणावर पुढून जीप आली. मी घाबरून पाय थांबवले, हात आखडले आणि खडीवरून घसरत गेले. खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण उतार म्हटलं की माझ्या तळहातांना घाम फुटायला लागला.

पुण्याला राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. वेलोड्रोमचा ट्रॅक वळणावर भिंतीसारखा उभा असतो. शर्यतीत त्या भिंतीच्या माथ्यावर जायचं आणि तिथून खाली झेपावायचं, त्याच वेगावर पुढचीला गाठायचं. मी माथ्यावर जायचे आणि तिथंच घोटाळायचे. आमच्या क्लबच्या सरांनी शेवटी सांगितलं, "इंगवले, पोरीच्या पायात दम आहे, पण ती खाली येतच नाही. असंच राहिलं तर मी तिचं नाव पाठवणार नाही."

आबा घरी येऊन जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "सोमवारी आंबा घाट. फिक्सवर."

"तिला मारायचं ठरवलंय का?" आई म्हणाली.

"साध्या सायकलचं फ्रीव्हील असलं की ही पाय थांबवती. पाय थांबले की मग भ्या चढतं. फिक्सवर थांबायची सोयच न्हाई. एकदा अख्खा घाट उतरली की निघून जाईल डोस्क्यातनं."

मी आठवडाभर टाळाटाळ केली. पोटात दुखतंय, परीक्षा जवळ आलीय, गुडघा धरलाय. रविवारी दुपारी मात्र कसं कोण जाणे, तोंडातून "जाऊ या" निघून गेलं. आबांनी एवढ्या झटक्यात मान हलवली की मला शब्द मागे घ्यायला वेळच मिळाला नाही. संध्याकाळी लाईट गेली ती आलीच नाही. आबा पडवीत कंदील घेऊन दोन्ही सायकली उलट्या करून बसले होते. आई जेवायला हाका मारत होती आणि ते "आलो, आलो" म्हणत पाना फिरवत होते.

सोमवारी उद्यमनगर बंद. पहाटे निघालो तेव्हा माझ्या लक्षात आलं, आबांच्या मागच्या चाकाच्या मधोमध, जिथं साखळी चढते तिथं, जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली होती.

"हे काय?"

"धूळ जाती आत."

"मग माझ्या चाकाला?"

"तुझी नवी हाय. चल."

मलकापूरपर्यंतचा रस्ता सतत चढउताराचा आहे. चढाला मला भीती नव्हती. चढ दमवतो, पण फसवत नाही. प्रत्येक चढाचा माथा आला की मात्र मी हँडल घट्ट धरायचे, कारण पलीकडे उतार असायचा. छोटासाच, पण उतार. मी पाय अडवायचे. आबा पुढून मागे न बघताच ओरडायचे, "अडवलंस! कळतंय मला साखळीच्या आवाजावरनं! भित्री भागूबाई!"

"गुडघे दुखतात हो, फिरवून."

"अडवून जास्त दुखतील. फिरू दे!"

आणखी एक गोष्ट मला त्या सकाळी खटकली. आबा ब्रेक वापरत होते. एरवी त्यांना ब्रेकचा कोण तिटकारा. ब्रेक म्हाताऱ्यांसाठी असतो, म्हणायचे. गावातल्या गर्दीतसुद्धा नुसत्या पायांच्या जोरावर अशी अलगद सायकल थांबवायचे की बघणारे बघत राहायचे. त्या दिवशी मात्र मलकापूरच्या चहाच्या टपरीसमोर त्यांनी चक्क हातानं ब्रेक दाबला आणि पाय नुसतेच फिरू दिले.

"आबा, म्हातारे झालात," मी चिडवलं.

"व्हय की," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला. उलट टोमणा मारला नाही, हेही नवलच होतं.

आता घाटाच्या तोंडाशी ते माझ्या पट्ट्यांकडे बघत होते. मग खाली वाकून त्यांनी माझ्या मागच्या चाकाच्या मध्याला बोट लावून पाहिलं, ओढून पाहिलं, ठोकून पाहिलं.

"घट्ट हाय," ते स्वतःशीच बोलले. "मी पुढं. तू माझ्या मागनं ये. अंतर ठेव. काय वाटलं तर ओरड."

"तुम्ही काय कराल ओरडल्यावर?"

"ऐकीन," ते म्हणाले आणि निघाले.

पहिल्या वळणापर्यंत मी श्वासच घेतला नसावा. चाकानं पाय ओढायला सुरुवात केली. कुणीतरी घोटे धरून गरागरा फिरवतंय असं वाटत होतं. मी अडवलं. मांड्यांत कळ आली, वेग जरा कमी झाला, तोवर उतार आणखी तीव्र झाला. पुन्हा अडवलं. पुढे आबांचे पाय फिरत होते, सैल, सुटे, आणि ब्रेकचे रबर चिरचिरत होते. धुकं एवढं होतं की वळणावर ते दिसेनासे व्हायचे. ते नाहीसे झाले की मला वाटायचं, गेले. मग पुन्हा त्यांचा निळा स्वेटर दिसायचा.

"अडवतीस!" धुक्यातून आवाज आला.

"हो, अडवतेय!" मी रडकुंडीला येऊन ओरडले. "अडवणार! मला नाही जमत!"

निळा स्वेटर पुढच्या वळणाआड गेला.

एक एसटी वर आली. वळण घेताना ती अख्खा रस्ता घेते. कठडा आणि तिचा पत्रा यांच्यामधल्या फटीतून मी गेले तेव्हा खिडकीतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवलेला मला दिसला. मला आईची आठवण येत होती, एकोणीस वर्षांच्या घोडीला. मनात एकच चाललं होतं, हे वळण झालं की थांबायचं, पट्टे सोडायचे आणि बसून राहायचं. आबा काय ओरडायचे ते ओरडू देत. नाव नाही पाठवलं तर नाही पाठवलं. पण वळण संपायचं आणि थांबायचा धीरही व्हायचा नाही.

पुढे रस्ता बराच लांब सरळ उतरत होता आणि तिथं धुकं विरळ होतं. टोकाला डावीकडे वळण आणि वळणावर दरीच्या बाजूला कठड्याचा तुकडा पडलेला. तिथं नुसते पांढरे रंगवलेले दगड मांडून ठेवले होते. आणि कण्हणाऱ्या ट्रकचा आवाज आता अगदी जवळून, त्या वळणामागूनच येत होता.

तेवढ्यात पुढे 'टण्' असा आवाज झाला. फार मोठा नव्हता.

आबांचा ब्रेकचा हात एकदम मोकळा पडल्यासारखा झाला. तुटलेली वायर हँडलसमोर लोंबकळत हलत होती. त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी पाय अडवले, कुणीही अडवले असते. आणि मग मी जे पाहिलं त्यानं माझं काळीज हललं. आबांचे पाय थांबले. सायकल पळत होती, चाक गरगरत होतं आणि पाय थांबलेले. फिक्सच्या सायकलवर पळत्या चाकावर थांबलेले पाय मी आयुष्यात पाहिले नव्हते. तसं होऊच शकत नाही. दुसऱ्या क्षणी साखळी सुटून लोंबली, चिंधीची पट्टी उलगडत मागे फडफडायला लागली आणि सायकलनं उसळी घेतल्यासारखा वेग घेतला.

"वैजेऽ!" आबा ओरडले. "थांब! तू थांब तिथंच!"

मी थांबू शकत होते. तोवर इतकं अडवत आले होते की माझा वेग बेताचाच होता. आणखी थोडा जोर, थोडा ब्रेक, आणि मी रस्त्याकडेला उभी राहिले असते. मला तेच हवं होतं. सकाळपासून फक्त तेच हवं होतं.

आबा पुढे चालले होते. त्यांनी वाकून एका पायाचा पट्टा सोडला आणि बुटाचा तळवा मागच्या टायरला लावायला पाहत होते. सायकल हेलकावे खायला लागली. वळण जवळ येत होतं.

मी पाय सोडले.

सोडले म्हणजे अडवायचे थांबवले. एवढंच. चाकानं ते घेतले आणि फिरवले. इतके जोरात की मी सीटवर आपटायला लागले, दात एकमेकांवर आपटायला लागले. मी किंचाळत होते. शब्द नव्हते, नुसता आवाज. डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी येत होतं आणि निळा स्वेटर मोठा मोठा होत होता. मी ब्रेकला हात लावला नाही. लावला असता तर मला तो सोडता आला नसता हे मला माहीत होतं.

"आबा, हात!"

त्यांनी मान वळवून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मागं हो! दोघंबी जाऊ!"

"हात द्या!"

मैदानावर रोज सकाळी आम्ही हेच करत असू. जोडीच्या शर्यतीत पुढचा गडी उजवा हात कमरेमागे धरतो, मागून येणारी डाव्या हातानं तो पकडते आणि पुढचा तिला झोका देऊन पुढे फेकतो. त्याला हात देणं म्हणत. आबांनी मला पहाटेच्या अंधुक उजेडात शेकडो वेळा असं फेकलं होतं. पण एकानं दुसऱ्याला धरून ठेवायचं असं त्यात कुठंच नव्हतं.

आबांचा उजवा हात कमरेमागे आला. इतक्या वर्षांच्या सवयीनं आला असेल, त्यांनी ठरवून दिला असं मला वाटत नाही. मी तो मनगटाशी पकडला आणि पाय अडवले.

खांदा निखळला असं वाटलं, तोच, मोडलेला. दोन सायकली, दोन माणसं आणि सगळा घाट त्या हाताला लटकला होता. उजव्या हातानं मी ब्रेक हळूहळू दाबत होते. एकदम दाबला असता तर दोघंही उलटून पडलो असतो. खरं काम पायांचं होतं. प्रत्येक फेऱ्याला पॅडल वर यायचं आणि मी त्याच्यावर अख्खं अंग टाकून ते रोखायचे. ते मला झुगारून फिरायचं. मी पुन्हा रोखायचे. हे मला येत होतं. वर्षभर शिव्या खाऊन मी दुसरं काही केलंच नव्हतं.

"अडव!" आबा ओरडले. "अडव, पोरी, अडव!"

वळणाच्या अलीकडे डोंगर आमच्या डाव्या हाताला होता, हे नशीब. वेग पळत्या माणसाइतका झाला तेव्हा आबांनी सायकल गटाराकडे घातली आणि आम्ही दोघं एकमेकांत अडकून कारवीच्या वाळक्या झुडपात कोसळलो. पाठोपाठ वळणावरून तो ट्रक आला. अख्खा रस्ता व्यापून, काळा धूर सोडत. ड्रायव्हरनं वेग कमी करून खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं काय? लागलं काय?"

"न्हाई, न्हाई," आबा झुडपातून म्हणाले. "बसलोय जरा."

ड्रायव्हर आमच्याकडे बघत राहिला, मग काहीतरी पुटपुटत निघून गेला.

मी पट्टे सोडले. तशीच बसून राहिले. आबांचं कोपर सोललं होतं. माझ्या खांद्यात ठणके येत होते. मग माझं लक्ष त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाकडे गेलं.

चिंधी निघून गेली होती. दातेरी चकती आट्यांवरून निम्मी सुटून एका बाजूला आली होती. ती चकती आट्यांवर बसते. पुढे पाय मारले की घट्ट होते आणि पाय अडवले की सैल व्हायला बघते. म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांची एक जाड रिंग बसवतात, ती तिला सुटू देत नाही. फिक्सच्या सायकलचा जीव त्या रिंगमध्ये असतो. आबांच्या चाकावर ती रिंग नव्हती. पडली असेल म्हणावं, तर रिंगच्या जागी ग्रीसचा थर जसाच्या तसा होता.

"आबा, रिंग कुठाय?"

ते कोपरावर थुंकी लावत होते.

"आबा."

त्यांनी हनुवटीनं माझ्या सायकलकडे खूण केली.

मी पाहिलं. माझ्या चाकावर रिंग होती. तिच्यावर छिन्नीनं कोरलेलं 'हि' होतं. आबा आपल्या लेथवर केलेल्या प्रत्येक वस्तूवर आपल्या नावाचं अक्षर घालायचे, आणि माझ्या वस्तूंवर 'वै'.

"तुझी काल संध्याकाळी बघितली तर चिरलेली," ते म्हणाले. "हातानं पिळली तर दोन तुकडं झालं. नवी करायची तर लाईट न्हाई. बाजारात कुठं मिळती असली वस्तू?"

"मग आज नसतो आलो! उद्या आलो असतो, परवा आलो असतो!"

"उद्या तू आली नसतीस."

ते खरं होतं म्हणून मला आणखी राग आला. राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम.

"आणि तुम्ही बिनरिंगचे निघालात? घाटात?"

"मला काय करायचीया रिंग? आज पाय अडवायचेच न्हाईत असं ठरवून निघालो हुतो. ब्रेकवर उतरायचं म्हटलं तर उतरतोय माणूस. वायर तुटंल हे काय ठाऊक?"

"मलाही सकाळपासून तेच सांगत होता. अडवू नको, अडवू नको. मी ऐकलं असतं तर मलाही रिंग लागली नसती."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते हसल्यासारखे दिसले.

"तू कशाची ऐकतीस? तू अडवणारच, हे मला ठाऊक हुतं की."

मी गुडघ्यांत डोकं घालून रडले. त्यांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वर बघितलं तर त्यांचे गुडघे थरथरत होते. दुसऱ्या हातानं दाबून धरूनसुद्धा थांबत नव्हते.

"तुम्हाला भीती वाटली?"

"सकाळपासनं," ते म्हणाले. "घरातनं निघाल्यापासनं. मलकापुरात चहा गिळंना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला सांगून? तुझी भीती कमी हुती व्हय, त्यात माझी कशाला घालू?"

वर जाणारा एक टेम्पो थांबला, ड्रायव्हरनं येता का म्हणून विचारलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली, तसा तो निघून गेला. मग आबा सायकल हातात धरून उतारानं चालायला लागले. मला म्हणाले, तू हो पुढं, साखरप्याला स्टँडवर बस. मी सायकलवर बसले, पण पुढे गेले नाही. त्यांच्या बाजूनं, त्यांच्या चालीनं, पाय अडवत अडवत उतरत राहिले. त्यांचा एक हात त्यांच्या हँडलवर आणि एक माझ्या सीटच्या मागे. प्रत्येक फेऱ्याला माझी साखळी कुरकुरायची. त्यांना ती ऐकू येत होती, साखळीवरनं त्यांना सगळं कळायचं. घाट संपेपर्यंत ते एकदाही "अडवू नकोस" म्हणाले नाहीत.

साखरप्याहून एसटीच्या टपावर सायकली चढवून आम्ही परत आलो. आबांना झोप लागली, त्यांचं डोकं माझ्या दुखऱ्या खांद्यावर पडलं आणि मी ते हलवलं नाही.

महिन्यानं पुण्याला मी त्या भिंतीच्या माथ्यावर गेले तेव्हा तळहातांना पूर्वीसारखाच घाम होता. खाली आले मात्र. संघात दोघी घेतल्या आणि मी तिसरी होते, त्यामुळे माझं नाव कुठंच छापून आलं नाही. आता मी पोरींना शिकवते. उतारावर पाय अडवणारी एखादी असतेच. तिला मी ओरडते, आणि तिचं चाक मी स्वतः तपासते.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आबांच्या कोपराकडे.

"हे काय?"

"घासलं जरा झुडपाला."

"आणि हिचं? उतरली का घाट?"

आबा नळाशी वाकून पाय धूत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. आईला ते काय सांगतात याची मला धास्ती होती.

"उतरली," ते म्हणाले. "पण पाय अडवायची खोड काय गेली न्हाई."

"मग? आता परत जायचं का काय?"

आबांनी नळ बंद केला. टॉवेल घ्यायला माझ्याजवळ आले आणि तो तोंडावर धरून म्हणाले,

"नको. ऱ्हाऊ दे तिची खोड तिच्याजवळ."